‘बिड’चा भूतकाळ

अक्कांनी मला खोली दाखवण्याआधी ‘हँग’ची तीन रूपं विचारली. मी दोंडाईच्याहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघून अमळनेरला आले होते. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात पुस्तकांचं खोकं. दारात सत्तरीच्या जवळ आलेली एक बाई उभी होती. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

“हँग, हंग, हंग,” मी म्हटलं.

“पडदा टांगलास. आता माणूस टांग.”

“म्हणजे?”

“फाशी द्यायची असली तर?”

“माहीत नाही.”

“हँग, हँग्ड, हँग्ड. पडद्याला आणि माणसाला एकच भूतकाळ नसतो.” त्या बाजूला सरकल्या. “माहीत नाही म्हणालीस, ठोकून दिलं नाहीस. ये आत. पाणी सकाळी साडेसहाला येतं. उशिरा उठलीस तर नाही मिळणार.”

त्या घरात मी तीन वर्षं राहिले. पुढच्या दोन खोल्या अक्का स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींना देत. मागच्या खोलीत स्वतः राहत. लग्न केलेलं नव्हतं. त्याचं कारण गल्लीत प्रत्येकाकडे वेगळं होतं. अक्कांना मी एकदाच विचारलं, तर म्हणाल्या, “वेळ नव्हता,” आणि कुकरची शिट्टी बघायला गेल्या. त्यांचं खरं नाव मी फक्त विजेच्या बिलावर वाचलं. गल्लीतली दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळी माणसं त्यांना अक्काच म्हणत.

गल्लीत त्या अहिराणी बोलत, आमच्याशी मराठी. रागावल्या की आमच्याशीही अहिराणी सुरू व्हायची, त्यामुळे आम्हाला आधीच अंदाज यायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर रोज सकाळी एक क्रियापद. त्याची तीन रूपं सांगितल्याशिवाय चहा नाही. मी दोनदा बिनचहाची अभ्यासिकेत गेले. तिसऱ्या दिवशी पाठ करून आले, तर क्रियापद बदललेलं.

चुकीचं इंग्रजी त्यांना दिसलं की त्यांचा पाय तिथून निघत नसे. बाजारातल्या एका कापड दुकानाच्या पाटीवर नको त्या जागी अपॉस्ट्रॉफीचं एक टिंब लोंबत होतं. ‘फक्त ग्राहकांसाठी पार्किंग’ असं लिहायचं होतं, पण त्या टिंबामुळे ते एकाच ग्राहकाच्या मालकीचं होत होतं. अक्कांनी दुकानदाराला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेल्या. मी बरोबर होते. लाजेने मी शेजारच्या दुकानातल्या साड्या बघत उभी राहिले.

“अक्का, एका टिंबानं काय बिघडस?” दुकानदार म्हणाला.

“काढ्यावर काय बिघडस, ते सांग ना माले.”

शेवटी त्यानेच स्टूल आणून धरलं आणि अक्कांनी ते टिंब पुसलं. “सावकाश हां अक्का,” तो सारखा म्हणत होता. काम झाल्यावर त्याने चहा मागवला. अक्का चहा घेत नाहीत असं बघून मी विचारलं, तर म्हणाल्या, “चूक सुधारायला आले होते, पाहुणचाराला नाही.” वास्तविक चहा त्यांना फार आवडायचा. घरी आल्यावर लगेच करून प्यायल्या.

अक्कांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं. बाकीचं इंग्रजी त्या टाइपरायटरवर शिकल्या. ऐन तारुण्यात त्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे इंग्रजी टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथेच केस पांढरे झाले. शेठ मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्या खान्देशात काढलेले, मराठी अक्कांपेक्षा शुद्ध बोलणारे. गिरण्यांना जाणारी, लिलावाची, निविदांची सगळी पत्रं अक्कांच्या बोटांखालून जायची. कार्यालयातला जाडजूड इंग्रजी शब्दकोश शेठनी नंतर त्यांनाच देऊन टाकला. तो त्यांनी उशीच्या अभ्र्यात घालून ठेवला होता. धूळ बसू नये म्हणून, असं त्या म्हणत. मला वाटतं, देवाच्या पोथीला जसं सोवळं असतं तसं ते होतं.

त्या दिवसांतला एक प्रसंग त्या आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. एकदा मॅनेजरने एका गिरणीला पत्र सांगायला घेतलं. गेल्या आठवड्यातल्या लिलावात आम्ही अमुक बोली लावली होती, असा मजकूर होता. मॅनेजरने इंग्रजीत सांगितलं, “वुई बेड.” अक्कांनी टाइप केलं, ‘बिड’. मॅनेजरने कागद वाचला आणि म्हणाला, भूतकाळ आहे, ‘बेड’ करा. अक्का म्हणाल्या, नाही होणार.

“मी सांगतो ते टाइप करायचं, बाई.”

अक्कांनी यंत्रावरचे हात काढून मांडीवर ठेवले. टपाल निघायची वेळ जवळ आली. सगळं कार्यालय काम सोडून बघत होतं. शेवटी शेठ आतून बाहेर आले. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि अक्कांना विचारलं, “बाई, गिरणीवाले आमचं इंग्रजी वाचतात की आमचा भाव?”

“आधी इंग्रजी वाचतात, शेठजी. मग भाव.”

शेठ हसले. म्हणाले, “जाऊ द्या बाईंचं पत्र.” पत्र ‘बिड’ने गेलं. त्यानंतर मॅनेजर अक्कांशी वर्षभर बोलला नाही. अक्का म्हणत, “ते वर्ष फार शांत गेलं.”

ही गोष्ट सांगून झाली की त्या ओट्यावर बसून आम्हाला फरक समजावत. इंग्रजीत ‘बिड’ ही दिसायला एकच, पण खरं तर दोन क्रियापदं आहेत. लिलावात बोली लावणं हे एक. त्याची तिन्ही रूपं सारखी: बिड, बिड, बिड. आज बोली लावली तरी बिड, काल लावली होती तरी बिड. दुसरं जुनं, पुस्तकी. निरोप देणं, आज्ञा करणं. त्याचा भूतकाळ बेड, आणि पुढचं रूप बिडन. “काल पाहुण्यांना निरोप दिला, तिथे बेड. काल कापसाला बोली लावली, तिथे बिड. इतकंच आहे. पण हे इतकंच लोकांना कळत नाही.” ‘बेड’चा उच्चार जुने लोक ‘बॅड’ करत, असंही त्या सांगत. आणि ‘बिड’ म्हणजे मराठवाड्यातलं बीड नव्हे, हेही दर वेळी सांगत. त्यांना तो विनोद वाटत असे.

हे सगळं ओट्यावर बसून नीट ऐकणारी एकच होती, हर्षाली. माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. धरणगावची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर दहा-अकरा वर्षं तिने एका भांड्यांच्या दुकानात काम केलं होतं, धाकट्या बहिणीचं लग्न केलं होतं, आणि मग उशिरा परीक्षेच्या वाटेला लागली होती. वयाची अट संपायला तिला चार महिने उरले होते. ती वहीत सगळं लिहून घ्यायची, अक्कांचा बीडचा विनोदसुद्धा.

मी मात्र तोवर शहाणी झाले होते. मी बाजारातला एक क्लास लावला होता. तिथले सर प्रोजेक्टरवर शिकवत, छापील नोट्स देत. त्यात क्रियापदांचा तक्ता होता: बिड, बेड, बिडन. एकच ओळ. मी अक्कांचा ‘बॅड’ उच्चार क्लासमध्ये सांगितला तेव्हा सगळे हसले, आणि मी त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. त्यानंतर संध्याकाळी ओट्यावर बसणं मी सोडलं. पाटीवरचं क्रियापद सांगून चहा तेवढा घेत राहिले.

मग एका खात्याच्या लिपिक भरतीची जाहिरात निघाली. हर्षालीने आणि मी, दोघींनी अर्ज भरला. परीक्षा जळगावला, संगणकावर. त्रेचाळिसावा प्रश्न वाचताना मला हसू आलं. इंग्रजी वाक्य होतं, मधे गाळलेली जागा. कालच्या लिलावात त्या व्यापाऱ्याने कापसाला सर्वांत मोठी बोली लावली, असा अर्थ. पर्याय चार: बिड, बेड, बिडन, बिडेड. डोळ्यांसमोर क्लासचा तक्ता आला. भूतकाळ, दुसरं रूप. मी ‘बेड’वर क्लिक केलं आणि पुढे गेले. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

दोन आठवड्यांनी उत्तरतालिका आली. त्रेचाळीसचं उत्तर: बेड. माझं बरोबर होतं.

हर्षाली तेव्हा धरणगावला गेली होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिने अक्कांना फोन केला. फोन स्पीकरवर होता, अक्का पीठ मळत होत्या.

“अक्का, मी बिड लिहिलं हो. चुकलं.”

“कोण म्हणतं चुकलं?”

“तालिकेत बेड आहे.”

“मग तालिका चूक शे.”

“जाऊ द्या अक्का. मोठ्या लोकांनी काढलेली असते. आईचे थेंब टाकायचेत, ठेवते.”

अक्का तशाच उभ्या राहिल्या, हात पिठाने भरलेले. मग मला म्हणाल्या, “आक्षेप घेता येतो ना?”

“येतो. ऑनलाइन. तीन दिवस मुदत आहे.”

“कोणालाही?”

“परीक्षा दिलेल्या कोणालाही.”

“मग तू घे. तुझ्या फोनवरून. पुरावा मी देते.” त्यांनी हात धुतले आणि अभ्र्यातून शब्दकोश काढला. मी कोणता पर्याय निवडला होता हे त्यांनी विचारलं नाही. मी त्यांच्याच घरात शिकलेली, त्यामुळे त्यांना वाटलं असणार की माझंही उत्तर बिडच आहे. किंवा काहीच वाटलं नसेल. अक्कांना त्या क्षणी वाक्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

मी खोलीत गेले, फोन हातात घेतला, दहा मिनिटं बसले आणि बाहेर येऊन सांगितलं, “साइट बंद आहे, अक्का.”

मला माझे मार्क माहीत होते. मागच्या वर्षी यादी कुठे थांबली होती तेही माहीत होतं. मी अगदी काठावर होते. हर्षालीही तिथेच कुठेतरी होती. बिड बरोबर धरलं तर तिचा एक मार्क वाढणार आणि माझा एक जाणार. हे गणित मी त्या दहा मिनिटांत दोनशे वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, संध्याकाळी विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं, बंद आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून आले तर अक्का बूट घालून तयार. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शब्दकोश.

“चल. त्या खात्याचं कार्यालय धुळ्याला आहे. साइट बंद असेल तर तोंडी सांगू.”

“तिथे कोणी ऐकणार नाही, अक्का. सगळं ऑनलाइन असतं.”

“ऐकतील.”

“संध्याकाळी पाचला मुदत संपते.”

“म्हणून तर आत्ता निघायचं.”

मी नको म्हणायला कारण शोधत होते, ते सापडायच्या आत आम्ही स्टँडवर होतो. एसटीत अक्कांना खिडकी मिळाली. सगळा रस्ता त्या पिशवी मांडीवर धरून बसल्या. मी दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. पहिल्यांदा कंडक्टर आला. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही, तरी मी गप्प राहिले.

धुळ्याच्या त्या कार्यालयात पंख्याखाली एक पन्नाशीचे गृहस्थ फाइल बघत बसले होते. अक्कांनी उभ्यानेच मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, “आक्षेप फक्त ऑनलाइन. इथे काही होत नाही.”

“तुमची साइट तीन दिवस बंद आहे,” अक्का म्हणाल्या.

आता त्यांनी मान वर केली. “कोण म्हणतं? एक मिनिट बंद नाही. सकाळपासून लोक आक्षेप टाकतायत.”

मी भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बघत राहिले. त्या फलकावर काय होतं ते मला आजही सांगता येईल: बायोमेट्रिक हजेरीची सूचना, पाणी जपून वापरा, आणि एक जुनी बदल्यांची यादी. अक्कांकडे मात्र मला बघता येईना.

अक्का एक क्षण थांबल्या. फक्त एक. मग पिशवी टेबलावर ठेवून त्या अहिराणीवर आल्या.

“भाऊ, तुम्हनं गाव कोनतं?”

“शिंदखेडा तालुक्यातलं,” ते म्हणाले. मग नकळत हसले. “काबर?”

“ही पोर उमेदवार शे. एक कॉम्प्युटर दे ना भाऊ हिले. धा मिनिट. मजकूर मी सांगस, ती लिखी.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, घड्याळ पाहिलं. दुपारचा एक वाजला होता. कोपऱ्यातल्या टेबलावरचा माणूस जेवायला गेला होता. “तिथे बसा,” ते म्हणाले. “लवकर आटपा.”

मी खुर्चीवर बसले. अक्का शेजारी स्टूल ओढून बसल्या. मला माझा क्रमांक टाकावा लागला, पासवर्ड टाकावा लागला. आक्षेपाचं पान उघडलं की उमेदवाराची स्वतःची उत्तरं समोर येतात, हे मला ठाऊक होतं. त्रेचाळिसावा प्रश्न उघडला. खाली हिरव्या अक्षरांत: तुमचं उत्तर, बेड. खात्याचं उत्तर, बेड.

अक्कांनी चष्मा नाकावर सरकवून ते वाचलं. मी वाट बघत होते. रागावतील, उठून जातील, त्या माणसासमोर बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“मजकूर मी सांगते,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “शब्दकोशाच्या पानाचा फोटो तू काढ. पाठवायचं बटण मी दाबणार नाही. मला दाबता येतं, पण मी दाबणार नाही.”

मग त्यांनी मला इंग्रजीत चार वाक्यं सांगितली. मी टाइप केली. त्यांनी कुठल्याही शब्दावर जोर दिला नाही. लिलावात बोली लावणं या अर्थी या क्रियापदाचा भूतकाळ ‘बिड’ असाच होतो, ‘बेड’ हे रूप निरोप किंवा आज्ञा या अर्थाचं आहे, सोबत पुरावा जोडला आहे, कृपया उत्तर दुरुस्त करावं. मी पानाचा फोटो काढून जोडला. मग अक्का उठल्या, स्टूल उचललं, खिडकीपाशी नेऊन ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. बाहेर कार्यालयाच्या आवारात दोन माणसं मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होती. अक्का तिकडे बघत राहिल्या.

मला उठून जाता आलं असतं. साइट अडकली म्हणता आलं असतं. अक्कांनी तेही मान्य केलं असतं, असं मला वाटतं, आणि तिथून तडक धरणगावची गाडी पकडली असती. कदाचित वेळेत पोचल्या असत्या, कदाचित नसत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. ब्लाउजवर घामाचा मोठा डाग पडला होता. ही बाई माझी कोणी नव्हती, हर्षालीचीही कोणी नव्हती. चार पर्यायांतला चुकीचा पर्याय बरोबर धरला आहे, एवढ्यासाठी ती या उन्हात इथवर आली होती आणि आता ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मी बटण दाबलं.

“गेलं,” मी म्हटलं.

“पोच आली का?”

“आली.”

“छापून घे.”

परतीच्या गाडीत मी रडले. अक्कांनी रडू दिलं. पारोळा रस्त्याला लागल्यावर त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “खा. सकाळपासून उपाशी आहेस.” त्या दोन दिवसांच्या खोट्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

सुधारित तालिका महिन्याने आली. त्रेचाळीस: बिड. पुढे निवड यादी लागली. हर्षालीचं नाव खालून तिसरं होतं. मी एका मार्काने राहिले. काठावर कोण थांबणार याचा माझा अंदाज चुकला नव्हता.

हर्षाली पेढे घेऊन आली तेव्हा मला मिठी मारून म्हणाली, “तूच आक्षेप घेतलास ना? अक्कांनी सांगितलं. तुझे उपकार कसे फेडू?” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधलं आणि दोंडाईच्याला निघून आले. अक्कांना म्हटलं, आता बस झालं, घरी राहून वडिलांना मदत करते. खरं कारण असं की मला अक्कांचा राग आला होता. त्या बरोबर होत्या म्हणून आला होता, आणि असा राग लवकर जात नाही.

हे सगळं मी आज जळगावच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून बसून आठवते आहे. म्हणजे शेवट वाईट झाला नाही. हर्षाली चोपड्याला आहे, आईला घेऊन राहते. अक्का आता सुरतेला भाच्याकडे असतात. गुडघे गेलेत, पण फोन करतात. मागच्या आठवड्यात त्यांनी तिथल्या सोसायटीच्या लिफ्टमधल्या सूचनेबद्दल सचिवांना पत्र लिहिलं, तिसरं. पण मी या खुर्चीवर कशी आले, ते त्या दोंडाईच्याच्या दुपारीशिवाय सांगता येणार नाही.

माझे वडील शिलाईकाम करतात. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. मी काज-बटणं करत होते, हेमिंग करत होते. वडिलांना एवढंच सांगितलं होतं की एका मार्काने गेलं. महिनाभर आमच्या घरात मशीनचाच आवाज होता.

एका दुपारी दारात अक्का उभ्या. आगाऊ फोन नाही, काही नाही. मी त्यांना बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन उभी राहिले.

वडिलांनी खुर्ची पुढे केली. “या, बसा अक्का.”

“बसत नाही, भाऊ. तुमच्या मुलीला न्यायला आले. नवी जाहिरात निघाली आहे. अर्जाची मुदत आठ दिवस.”

“आणखी किती वर्षं, अक्का?” वडील मशीन चालवतच म्हणाले. “एका मार्कानं गेलं. नशिबात नाही तिच्या.”

“नशीब कुठून आलं त्यात? तो मार्क तिनं स्वतः कमी केला.”

मशीन थांबलं.

अक्कांनी सगळं सांगितलं. प्रश्न चूक होता, तालिका चूक होती, हिला त्या चुकीचा फायदा मिळत होता, आणि हिनेच धुळ्याला बसून, स्वतःच्या नावाने, ती चूक कळवली. “पाठवायचं बटण तिनं दाबलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. अशी पोर कार्यालयात बसायला पाहिजे, भाऊ. तिला इथे काजं करायला ठेवू नका.”

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. वडील माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला सहन होईना, कारण ते माझं नव्हतं, निदान सगळं नव्हतं.

“आबा, ते पूर्ण खरं नाही,” मी म्हटलं. “आधी दोन दिवस मी अक्कांना खोटं सांगत होते की…”

“पाणी दे आधी,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला. “गाडी सव्वाचारची आहे. बॅग भर.”

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी उठून फळीवरून माझी बॅग स्वतः खाली काढली, उघडून बघितली. तिची चेन तुटलेली होती.

“दहा मिनिटं द्या, अक्का,” ते म्हणाले आणि मशीनवर बसले.

अक्का दारातच उभ्या राहिल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मी आत जाऊन कपडे गोळा केले. वडिलांनी जुनी चेन उसवली, डब्यातून नवी शोधली, बसवली, दोनदा ओढून बघितली, आणि बॅग माझ्या हातात दिली. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. स्टेशन तसं जवळ आहे, तरी आम्हाला धावावं लागलं. अक्का पुढे होत्या.